डोंगरावरचं चार महिन्यांचं घर



दिवाळीच्या सुमारास घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागं निघालेल्या धनगर बायका आपण पाहतो. नवा तळ, नवी चूल. त्यांच्यावरून आमच्या गटात प्रश्न निघाला: थोड्या दिवसांच्या जागेला घर कसं करायचं? आणि ते घर कुणाचं म्हणायचं? आज आम्ही अशाच, पण फार लांबच्या बायकांची गोष्ट सांगतो.

मध्य आशियात किर्गिझस्तान नावाचा डोंगराळ देश आहे. तिथली मेंढपाळ कुटुंबं जून ते सप्टेंबर जनावरं घेऊन उंच कुरणांवर राहायला जातात. सोंग-कोल तलावाकाठचं कुरण सुमारे ३००० मीटर उंचीवर आहे. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट उंच!

तिथं ते गोल तंबूघर उभं करतात. त्याला युर्ट म्हणतात. लाकडी जाळीच्या भिंती, वर वाकवलेल्या काठ्या, छताला गोल कडं आणि सगळ्यावर लोकरीचं जाड आच्छादन. खिळा एकही नाही, सगळं पट्ट्या-दोऱ्यांनी बांधलेलं. मग चूल मांडायची. तलावाकाठी झाडं नाहीत, म्हणून वाळलेलं शेण जाळतात. इतक्या उंचीवर पाणी साधारण ९० अंशालाच उकळतं, त्यामुळे मटण शिजायला वेळ लागतो. दारातून आत आलं, की उजवी बाजू बाईची, तिथं भांडी आणि दूधदुभतं. डावी पुरुषाची, तिथं खोगीर आणि अवजारं. समोरची जागा पाहुण्याची.

आता हे घर बनवतं कोण? लाकूडकाम पुरुषांचं. आच्छादन, पट्ट्या, गवताच्या चटया बायकांच्या हातच्या. लोकर झोडपायची, पसरायची, गरम पाणी शिंपडून गुंडाळायची आणि घट्ट होईपर्यंत दाबायची. हे एकटीचं काम नाही. आपल्या सावडीसारख्या शेजारणी जमतात. दोन रंगांचे थर एकत्र कापून, तुकडे अदलाबदल करून त्या 'शिरडाक' नावाचा गालिचा शिवतात. तुकडा वाया जात नाही, आणि जमिनीची ओल वर येत नाही.

ही कला शिकणाऱ्या तरुण मुली कमी झाल्या. म्हणून २०१२ साली युनेस्कोनं तातडीनं जपायच्या वारशांच्या यादीत ती घेतली.

मैत्रिणींनो, बाईचे हात थांबले तर ते घर उभंच राहणार नाही. आपलंही तसंच आहे. सारवण, गोधडी, चूल, पाणी, हे सगळं आपण करतो. पण हिशेबात ते धरतो का? पुढच्या बैठकीला येताना एवढं करा: ग्रामपंचायतीतून घराचा नमुना आठचा उतारा आणा. त्यावर आपलं नाव आहे का, ते सगळ्याजणी मिळून पाहू. नसेल, तर अर्ज कसा करायचा तेही तिथंच ठरवू.