मोटारसायकल दुरुस्तीला टाकताना काय सांगावं, काय विचारावं

झाशीच्या जुन्या शहरात, मानिक चौकाच्या आसपास राहणाऱ्यांचा दिवस मोटारसायकलवरच चालतो. बाजार दाटीचा, गल्ल्या अरुंद. गाडी बिघडली की दुकान, शाळा, दवाखाना सगळंच अडतं. अशा वेळी आपण ती ढकलत जवळच्या मिस्त्रीकडे नेतो आणि "देख लेना भैया, शाम को आता हूँ" एवढं बोलून निघतो.

संध्याकाळी बिल अपेक्षेपेक्षा मोठं निघतं, दोन-तीन भाग बदललेले असतात आणि आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा सकाळी दोघांत काहीच ठरलेलं नसतं आणि त्या मोकळ्या जागेत संशय शिरतो. प्रामाणिक मिस्त्रीला ती जागा घातक ठरते आणि लबाडाला सोयीची. ती कशी भरायची, ते आता क्रमाने पाहू.

१. घरून निघण्यापूर्वी

आधी लक्षणं लिहून काढावीत. "सकाळी इंजिन थंड असताना बऱ्याच किका माराव्या लागतात, गरम झाल्यावर गाडी नीट चालते", "दुसऱ्या गिअरमध्ये खडखड येते", अशी साधी वाक्यं पुरतात.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे रोगाऐवजी औषध सांगणं. "प्लग बदल दो" म्हटलं की मिस्त्री प्लग बदलतो. बिघाड दुसरीकडेच असला तर तो तसाच राहतो, आणि दोष मात्र मिस्त्रीला लागतो.

मग मोबाइलवर चार फोटो काढावेत: किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, टाकीवरचे ओरखडे आणि बॅटरीवरचा क्रमांक. गाडीची कागदपत्रं आणि डिकीतलं सामान काढून घ्यावं.

२. कुठे द्यावी

गाडी वॉरंटीत असेल, म्हणजे कंपनीने ठरावीक काळ बिनपैशांच्या दुरुस्तीची हमी दिलेली असेल, तर अधिकृत सर्व्हिस सेंटर बरं. पहिल्या काही "फ्री सर्व्हिसिंग"मध्ये फक्त मजुरी माफ असते, हे लक्षात ठेवावं. ऑइल आणि झिजणाऱ्या वस्तूंचे पैसे तिथेही द्यावेच लागतात.

१ एप्रिल २०२०पासून विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या आहेत. त्यांतल्या बहुतेकींमध्ये कार्ब्युरेटर नाही. पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. अशा गाडीचा इंजिनाचा पिवळा दिवा पेटत असेल, तर मिस्त्रीकडे स्कॅनर, म्हणजे त्या संगणकातली बिघाडाची नोंद वाचणारं यंत्र, आहे का हे आधी विचारावं. नसेल तर अंदाजाने भाग बदलले जातात.

चौकातला मिस्त्री निवडताना शेजाऱ्यांना "कसा आहे?" असं विचारून फारसं कळत नाही. "चांगला आहे" यापलीकडे उत्तर येत नाही. त्याऐवजी तीन नेमके प्रश्न विचारावेत. खर्च वाढणार होता तेव्हा त्याने आधी फोन केला का? काढलेला जुना भाग दाखवला का? तीच तक्रार पुन्हा आली तेव्हा मजुरी न घेता पाहिली का? आणि "हे काम माझ्याकडे होणार नाही, अमक्याकडे न्या" असं सांगणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नये.

३. गाडी ताब्यात देताना

मोठ्या दुकानात जॉब कार्ड भरतात. म्हणजे गाडीचा क्रमांक, किलोमीटर, तक्रारी आणि ठरलेली कामं लिहिलेला कागद. सही करण्यापूर्वी तो वाचावा. "जनरल चेकअप" असं मोघम लिहिलं असेल तर त्याचा अर्थ विचारावा, आणि त्याची प्रत किंवा फोटो घ्यावा.

चौकातल्या मिस्त्रीकडे कागद नसेल तर आपली यादी त्याला व्हॉट्सअॅपवर पाठवावी. त्यात अविश्वास काही नाही. दिवसभरात अनेक गाड्या हाताळणाऱ्या माणसालाही आठवणीची मदत होते.

४. बिघाड शोधण्याची मजुरी

साऱ्या व्यवहाराची मेख या पायरीवर आहे. बिघाड शोधायला वेळ लागतो आणि कौशल्यही. वायरिंगमधला एक सुटलेला जोड सापडायला तास जातो. जोडायला मात्र दोन मिनिटं पुरतात. "नुसतं वायर जोडलंस, त्याचे कसले पैसे?" असं आपण म्हणतो, तेव्हा मिस्त्रीला शिकवण एकच मिळते: शोधण्याचे पैसे मिळत नाहीत, भाग विकला तरच मिळतात. पुढच्या वेळी तो जोड शोधत बसत नाही, अख्खी वायरिंगच बदलायला सांगतो.

म्हणून सुरुवातीलाच म्हणावं, "पहले फॉल्ट ढूंढिए, देखने का जो होगा वो दूंगा, पार्ट बाद में तय करेंगे." ही रक्कम आधी ठरवावी आणि दुरुस्ती दुसरीकडे केली तरी ती द्यावी. खरं बोलण्याचे पैसे ज्याला मिळतात, त्याला अनावश्यक भाग गळ्यात मारण्याची गरज उरत नाही.

५. अंदाजपत्रक आणि मर्यादा

बिघाड कळल्यावर खर्चाचा अंदाज घ्यावा. भागांची किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागावी. दोन्ही एकत्र आली की कशाचे किती हे कुणालाच सांगता येत नाही.

कामांचे तीन गट करायला सांगावं: आजच न केल्यास धोका आहे ती, महिनाभर थांबली तरी चालतील ती, आणि केवळ दिसण्याची. ब्रेक, टायर, स्टिअरिंग पहिल्या गटात येतात. पैसे कमी असतील तर कात्री तिसऱ्या गटाला लावावी, पहिल्याला कधीच नाही.

शेवटी मर्यादा सांगावी: "या रकमेच्या वर गेलं तर आधी फोन करा." आणि तो फोन आपण उचलावा. इंजिन उघडल्यावर आतला बिघाड दिसणं हे खरोखर घडतं. फोन उचलला नाही, तर उघडं इंजिन समोर ठेवून मिस्त्री तरी काय करणार?

६. भाग कोणता बसवायचा

बाजारात साधारण चार प्रकारचा माल मिळतो: गाडीच्या कंपनीच्या पाकिटातला, त्याच दर्जाचा दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा, स्वस्त लोकल, आणि कंपनीचं नाव खोटं छापलेला बनावट. पहिले तिन्ही उघड सांगून विकणं गैर नाही. लोकल माल अस्सल म्हणून विकणं ही फसवणूक.

कंपनीचा माल चौकातल्या मिस्त्रीला सहज मिळत नाही, ही तक्रार जुनी आहे. मोटारींच्या बाबतीत २०११मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे दाद मागितली. सुटे भाग खुल्या बाजारात येऊ न दिल्याबद्दल आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे कंपन्या अपिलात गेल्या. पण बाहेरच्या मिस्त्रीलाही अस्सल भाग मिळायला हवा, हा मुद्दा त्यातून देशापुढे आला.

आपण करायचं एवढंच: पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावं आणि रिकामं पाकीट घरी न्यावं. त्यावरची छापील कमाल किंमत सर्व करांसह असते. तिच्यावर पुन्हा जीएसटी लावणं चूक आहे.

गाडी देतानाच म्हणून ठेवावं, "जो पार्ट निकलेगा, वो मुझे वापस चाहिए." काम झाल्यावर मागितला तर तो भंगारात गेलेला असू शकतो. बॅटरीसारख्या वस्तूवर जुन्याच्या बदल्यात सूट मिळते. ती घेतली असेल तर जुनी दुकानातच राहते.

७. खरंच बदलायला हवं का

काही गोष्टी आपल्याला स्वतः पाहता येतात.

ऑइल: काळं दिसलं म्हणजे खराब झालं असं नाही. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. बदलण्याची वेळ गाडीच्या पुस्तिकेतल्या किलोमीटरवरून ठरवावी. डबा सीलबंद असावा आणि त्यावर जासो एमए किंवा एमए-२ ही खूण असावी. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे मोटारीचं ऑइल घातल्यास तो घसरू शकतो.

चेन: सैल झालेली चेन आवळता येते, झिजलेली बदलावी लागते. मागच्या चक्रावरून, म्हणजे स्प्रॉकेटवरून, चेन बोटाने मागे ओढून पाहावी. अर्ध्याहून अधिक दात उघडा पडला तर ती झिजली आहे. मग चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलायला सांगणारा मिस्त्री योग्यच सांगतो. झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

ब्रेक शू: ड्रम ब्रेकच्या बाहेर एक बाण आणि एक खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत पोचला, तर शू संपत आले आहेत.

क्लच प्लेट: चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच घसरत असतो. प्लेटा बदलण्यापूर्वी केबलचा ताण आणि ऑइलचा प्रकार तपासला का, हे विचारावं. कधी केबल थोडी ढिली केल्यानेच काम होतं.

बॅटरी: इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू करून थोडा वेग दिल्यावर आकडा साधारण साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान जायला हवा. तो वाढतच नसेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे. मग नवी बॅटरीही काही दिवसांत बसेल.

एअर फिल्टर: बुंदेलखंडातली धूळ पाहता इथला मिस्त्री पुस्तिकेतल्या मुदतीआधीच फिल्टर बदलायला सांगेल. ते लबाडीचं लक्षण समजू नये. धुळीच्या भागात तो लवकर पाहावा, असं कंपन्यांच्या पुस्तिकाही सांगतात. फिल्टर काढून आपल्याला दाखवला की शंका मिटते.

८. गाडी परत घेताना

पैसे देण्यापूर्वी एक फेरी मारावी, शक्य झाल्यास मिस्त्रीला मागे बसवून. सकाळच्या यादीतली प्रत्येक तक्रार तपासावी. ब्रेक, दिवे, हॉर्न पाहावेत. सकाळचे फोटो आता कामाला येतात.

मग पक्कं बिल घ्यावं. त्यावर गाडीचा क्रमांक, किलोमीटर, भागांची नावं, मजुरी आणि तारीख हवी. सेवेचं बिल किंवा पावती न देणं हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथेचा भाग आहे.

बिलात जीएसटी लावला असेल तर दुकानाचा १५ अक्षरांचा नोंदणी क्रमांक त्यावर असायला हवा. सेवेतून वर्षाला २० लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान मिस्त्रीला सहसा ही नोंदणी लागत नाही. पण मग त्याला आपल्याकडून हा कर घेताही येत नाही. अशा मिस्त्रीचं सही केलेलं साधं हातबिलही आपल्याला पुरावा म्हणून पुरतं.

९. तरीही बिनसलं तर

आधी त्याच दुकानात परत जावं, तेही लवकर आणि शांतपणे. मधल्या काळात दुसऱ्याने गाडी उघडली की दोष कुणाचा हे सिद्ध करणं अवघड होतं. "तू फसवलंस" असं म्हणण्याऐवजी "ही तक्रार तशीच आहे, हे बिल आणि हा जुना भाग" असं सांगावं. बहुतेक वाद इथेच मिटायला हवेत.

नाही मिटला तर आपलं म्हणणं लेखी द्यावं. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे समजुतीने तोडगा काढण्याचा प्रयत्न होतो.

शेवटची वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. त्यामुळे गाडी ग्वाल्हेरला दुरुस्त केली असली, तरी झाशीकराला झाशीतच दाद मागता येते.

१०. आपल्याकडून

प्रामाणिकपणाची अपेक्षा मिस्त्रीलाही असते. गाडी पडली होती, पाण्यात बुडाली होती किंवा दुसऱ्याने आधी उघडली होती, हे आपण लपवू नये. स्वस्त लोकल भाग आपणच निवडला असेल, तर तो लवकर गेल्यावर दोष त्याच्यावर टाकू नये. आणि ठरलेली मजुरी उधार ठेवू नये.

नंतर कुणी त्या दुकानाबद्दल विचारलं, तर आपला अनुभव तपशिलाने सांगावा: काय बिघडलं होतं, अंदाज किती दिला, बिल किती झालं, जुना भाग परत मिळाला का. एका वाईट दिवसावरून कुणाला चोर ठरवू नये आणि गोड बोलण्यावरून कुणाला साधूही ठरवू नये. ज्या चौकात गिऱ्हाइकं असं नेमकं बोलतात, तिथे सरळ मिस्त्रीकडे काम आपोआप वाढतं, आणि सरळ वागणं त्याला परवडू लागतं.