उजनीच्या पाण्याची आकाशांतून पाहणी

आमची हयात महसुलाच्या कारकुनींत गेली. बांधावर उभें राहून आणेवारी (हल्लीं तिला पैसेवारी म्हणतात) ठरवितांना एक गोष्ट आम्हांस पक्की कळली होती, ती ही कीं हिरवें दिसतें तें सारें पीक नव्हे. तणहि हिरवेंच असतें. म्हणून निवडलेल्या तुकड्यांतील पीक कापून, मळून, तोलून पाहत, व मगच नजरअंदाजास किंमत येई. पाण्याच्या बाबतींत मात्र हें शहाणपण आम्ही विसरलों, आणि त्याचा दंड गेल्या उन्हाळ्यांत भरला.

आमच्या शेततळ्यांतील पाणी तांबूस व गढूळ होतें. हिरवें दिसत नाहीं, अर्थात् शेवाळ नाहीं, असें समजून आम्हीं तें ठिबकाच्या नळ्यांत सोडलें. पंधरा दिवसांत तोट्या बुजल्या. एक नळी कापून पाहिली, तों आंत हिरवट बुळबुळीत लेप व त्यांत गाळ रुतून बसलेला. म्हणजे शेवाळ होतेंच; गाळानें तें आमच्या डोळ्यांपासून लपविलें होतें.

हीच लपवालपवी उजनीच्या जलाशयांत मोठ्या प्रमाणावर चालते, आणि तें पाणी बार्शीकरांस परकें नाहीं. शहराच्या नळांस उजनीचें पाणी येतें, व बार्शी उपसा सिंचन योजनेचा आधारहि तोच. भीमेवरील हें धरण 1980 सालीं पुरें झालें. एकूण साठा सुमारें 117 टी.एम.सी., व त्यांतील सुमारें 63 टी.एम.सी. मृत साठा. पुणें व पिंपरी-चिंचवडचें सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांतून भीमेंत व तेथून उजनींत येतें. जें नत्र व स्फुरद आपण पैसे मोजून पिकास घालतों, तेंच शेवाळास तेथें फुकट मिळतें. आपल्या उसाच्या फडांतून वाहून जाणारें खतहि त्यांत असतें, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. उन्हाळ्यांत प्रवाह थांबला व ऊन वाढलें कीं शेवाळ माजतें. त्यांतील नील-हरित जातींपैकीं कांहीं विषारी असतात. मायक्रोसिस्टिस नांवाच्या जातींतून निघणारें मायक्रोसिस्टिन हें विष माणसाचें व जनावराचें यकृत बिघडवितें, आणि पाणी उकळल्यानें तें जात नाहीं. पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें 1 मायक्रोग्रॅमहून अधिक नसावें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविलें आहे.

एवढ्या विस्तीर्ण पाण्यावर नजर ठेवण्यास उपग्रह उपयोगी पडतो. वनस्पतींतील हरितद्रव्य प्रकाशांतील निळा व तांबडा भाग गिळतें आणि हिरवा परत फेकतें. स्वच्छ समुद्रांत निळ्याची व हिरव्याची तुलना केली कीं शेवाळाचा अंदाज मिळतो. अमेरिकेच्या निंबस-7 उपग्रहानें 1978 पासून व आपल्या ओशनसॅटनें 1999 पासून ही मोजणी केली. पण उजनीसारख्या पाण्यांत गाळ, तसेंच कुजलेल्या पाल्याचा चहासारखा रंग, हेहि निळा प्रकाश गिळतात. एकाचा सारा दुसऱ्याच्या खात्यावर चढावा, तसा हिशेब बिघडतो.

म्हणून शास्त्रज्ञ तांबड्या टोकाकडे वळले. प्रकाशलहरींची लांबी नॅनोमीटरांत, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागांत, मोजतात. 665 ते 675 नॅनोमीटरांच्या आसपास हरितद्रव्य तांबडा प्रकाश गिळतें. 705 च्या सुमारास त्याची भूक संपते, तेथें परतणाऱ्या प्रकाशाचा एक लहानसा उंचवटा दिसतो. गाळ या दोन्ही जागीं जवळजवळ सारखाच उजळतो. म्हणून दोहोंचें गुणोत्तर काढलें कीं गाळ बराचसा वजा होतो व शेवाळ उरतें. युरोपच्या सेंटिनेल-2 जोडींतील पहिला उपग्रह 2015 सालीं व दुसरा 2017 सालीं गेला. त्यांत हे दोन्ही पट्टे आहेत, आणि चित्रें कोणासहि विनामूल्य मिळतात. नील-हरित शेवाळाची खास खूण असलेलें फायकोसायनिन 620 च्या सुमारास प्रकाश गिळतें. तो पट्टा सेंटिनेल-3 मध्यें आहे, पण त्याचा एक चौकोन 300 मीटरांचा. उजनीस चालेल, गांवतळ्यास नाहीं. सेंटिनेल-2 चा 705 चा चौकोन 20 मीटरांचा असला, तरी आमच्या शेततळ्यांत कांठ टाळून तोहि धड बसत नाहीं.

आकाशांतील या डोळ्याच्या अडचणी आणखीहि आहेत. पावसाळ्यांत ढग आडवे येतात, आणि हवेनेंच विखुरलेला प्रकाश आधीं वजा करावा लागतो. शिवाय गुणोत्तर म्हणजे मिलिग्रॅम नव्हेत. उपग्रह वरून जाईल त्याच दिवशीं होडींतून पाणी काढून, प्रयोगशाळेंत हरितद्रव्य मोजून, ताळा पाहिला तरच आंकडा खरा. आमच्या पीककापणीसारखेंच हें आहे.

लहान तळ्यास घरगुती उपाय चालतो. कांचेच्या बरणींत पाणी भरून एक दिवस सावलींत, न हलवितां ठेवावें. गाळ बहुधा तळाशीं बसतो. मायक्रोसिस्टिससारखें शेवाळ असेल तर हिरवी साय वर तरंगते. विष किती, हें यावरून कळत नाहीं. परंतु साय दिसली तर तें पाणी गुरांस पाजूं नये, व गाळणीवांचून ठिबकास सोडूं नये.

उजनीसाठीं मात्र आमची मागणी अशी आहे : उन्हाळी आवर्तनापूर्वीं उपग्रहाच्या दिवशीं जलाशयांतील नमुने घ्यावे, आणि हरितद्रव्याचा आंकडा, पाणीपातळीचा लावतात तसा, लोकांस दिसेल असा लावावा. त्या अर्जाचा मसुदा आम्हीं केला आहे. ज्या सभासदांस सही करावयाची असेल त्यांनीं बाजाराच्या दिवशीं संघाच्या कचेरींत यावें. गट नंबर लिहावयास विसरूं नये.