बालपणातील सौम्य विषाणुसंसर्ग आणि फुप्फुसांचे पुढील आरोग्य

अर्भकास सर्दी होते, दोन-तीन दिवसांत छातीतून घरघर ऐकू येऊ लागते, आठवड्याभरात मूल बरे होते आणि घरची माणसे ते दुखणे विसरतात. पुढे पाच-सहा वर्षांनी त्याच मुलास दमा जडला, म्हणजे मात्र त्या जुन्या दुखण्याची आठवण होते व तेच विकाराचे मूळ होय, असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष कितपत टिकतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

अशा दुखण्यांस पुष्कळदा कारण होणारा रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू १९५६ साली प्रथम चिंपांझींमध्ये आढळला. त्याच्या दूरवर्ती परिणामांचा चांगला पुरावा अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, टूसॉन येथे मिळाला. तेथे १९८० ते १९८४ या काळात जन्मलेल्या १,२४६ बालकांचे निरीक्षण वर्षानुवर्षे चालू राहिले. वयाच्या पहिल्या तीन वर्षांत या विषाणूचा उपद्रव छातीपर्यंत पोहोचलेल्या मुलांत सहाव्या वर्षी वारंवार घरघर होण्याचे शक्यता-गुणोत्तर चाराहून किंचित अधिक होते. अकराव्या वर्षी ते उतरले आणि तेराव्या वर्षी लक्षणीय फरक उरला नाही. यांतील बहुतेक दुखणी सौम्य, घरीच बरी झालेली होती.

परंतु आधी घडले ते कारणच, असे नव्हे. याच प्रकल्पात १२४ अर्भकांच्या फुप्फुसांची कार्यक्षमता छातीचा कोणताही विकार होण्यापूर्वीच मोजलेली होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या मापनांत, ज्यांची कार्यक्षमता मुळातच कमी होती त्यांनाच पुढे घरघरीचा त्रास अधिक झाल्याचे दिसून आले. नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ प्रवाहास होणारा विरोध सोळापट वाढतो. तेव्हा जात्याच अरुंद श्वासनलिकेत थोडी सूजही पुरेशी होते. विषाणू येथे इजा करणारा की मूळची उणीव उघडकीस आणणारा?

याची परीक्षा निरीक्षणाने नव्हे, प्रयोगानेच होऊ शकते. नेदरलंड्समध्ये ४२९ अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवर तो झाला. काहींना या विषाणूविरुद्ध पॅलिव्हिझुमॅब हे प्रतिपिंड दिले, इतरांना निष्क्रिय द्रव्य. पहिल्या वर्षातील घरघरीचे दिवस ६१ टक्क्यांनी घटले (२०१३); विषाणूचा तात्कालिक दोष त्याने सिद्ध झाला. सहाव्या वर्षी मात्र दोन्ही गटांच्या फुप्फुसांच्या कार्यक्षमतेत फरक नव्हता. प्रतिपिंड मिळालेल्या गटातील पालकांनी दम्याची तक्रार कमी सांगितली खरी; पण कोणास काय दिले होते हे तोपर्यंत त्यांना कळलेले असल्याने त्या साक्षीस बेताचेच वजन द्यावे लागते.

सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसाची गोष्ट अधिक अवघड आहे. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे, आई किंवा वडिलांस ॲलर्जी वा दमा असलेल्या बालकांत, पहिल्या तीन वर्षांत या विषाणूसह झालेली घरघर व सहाव्या वर्षीचा दमा यांचे शक्यता-गुणोत्तर जवळजवळ दहा आढळले (२००८). परंतु या विषाणूवर प्रतिबंधक उपाय उपलब्ध नसल्यामुळे डच प्रयोगासारखी कसोटी येथे लावता येत नाही.