पित्त उठलं की पोटाला दोष का?

मंडईत सुरण कापून देणाऱ्या मावशींना मी विचारलं, हाताला खाज सुटत नाही का? त्या म्हणाल्या, "सुटती ना ताई, पण हातालाच. आमच्या सूनबाईच्या सगळ्या अंगावर उठतं, सुरणाला न शिवता! दोन महिने आमसुलाचं पाणी लावतीय."

मावशींनी फरक नेमका सांगितला. सुरणात, अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते टोचतात तिथंच खाजतं. सूनबाईचं दुखणं निराळं. आपण त्याला पित्त किंवा गांधी उठणं म्हणतो, डॉक्टर अर्टिकेरिया म्हणतात. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो आणि लालसर, फुगीर गांधी येतात. एकेक गांध बहुधा 24 तासांच्या आत विरते, तोवर दुसरीकडे नवी उठलेली असते.

या पित्ताचा आम्लपित्ताशी संबंध नाही, बरं का! पण नावामुळे घोटाळा होतो. अॅसिडिटीची गोळी घेतली जाते आणि घरातली बाई आज डाळ, उद्या वांगं, परवा दही सोडून बसते. थोड्या दिवसांच्या पित्तामागे सर्दी-तापासारखा संसर्ग, एखादं औषध, कधी मासे किंवा शेंगदाणे असू शकतात. सहा आठवड्यांच्या पुढे गेलं, तर मात्र खाण्यातलं कारण क्वचितच सापडतं. अनेकींत शरीराची प्रतिकारशक्तीच उलटलेली असते. काहींना थायरॉइडचाही त्रास असतो. दाबानेही गांधी उठतात: परकराच्या नाडीखाली, भाजीच्या जड पिशवीचे बंद रुततात तिथे, कधी काही तासांनी. अंगदुखीच्या गोळ्यांनी काहींचं पित्त वाढतं.

उपचार म्हणजे सेटिरिझिनसारखी हिस्टामिनविरोधी गोळी, डॉक्टर सांगतील तितके दिवस. उठलं की एक, असं नाही. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल तर आधी सांगा. स्टेरॉइड मनाने घेऊ नका. आमसुलाचं पाणी थंडाव्यापुरतं खुशाल लावा. घोंगडं पांघरून बसू नका, उबेने खाज वाढते.

ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर रात्र असो की पाहुणे, लगेच रुग्णालय गाठा. गांध दिवसभराहून जास्त टिकली, ठणकली, काळसर डाग राहिला, तरी डॉक्टरांना दाखवा. आणि हो, तपासायला जाईपर्यंत गांधी विरलेल्या असतात, तेव्हा उठल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा.