भाग ७ : त्रेसचा आर्पेजिओ आणि सोळा मात्रा

मागच्या भागात आपण क्यूबाच्या त्रेस या वाद्याची ओळख करून घेतली. आज रियाझाबद्दल बोलू. त्यात माझी कुठे फसगत झाली, तेही सांगतो.

थोडी उजळणी करू. स्पॅनिशमध्ये त्रेस म्हणजे तीन. दिसायला हे वाद्य गिटारसारखं, पण सहा तारा तीन जोड्यांत लावलेल्या. पूर्व क्यूबातल्या 'सोन' या संगीतप्रकाराचं हे मुख्य वाद्य. इथे बनारसात ते मिळेना, म्हणून मी एका कारागिराकडून जुन्या गिटारच्या खाचा बदलून घेतल्या. क्यूबातही अनेकांनी गिटारचंच त्रेस केलेलं आहे.

पांढरी एकचा सा धरला, तर जोड्या वरून खाली प, सा, ग अशा लागतात. म्हणजे काही न दाबता छेडलं तरी सा-ग-प हा कॉर्ड वाजतो. कॉर्डचे स्वर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवले की झाला आर्पेजिओ. 'हार्पसारखं वाजवणं' या अर्थाच्या इटालियन शब्दावरून हे नाव आलं. आपल्या स्वरमंडलावर बोट फिरवलं की काय होतं, ते आठवा.

सुरुवातीला तीनच जागा शिका. पहिली मोकळी: प-सा-ग. दुसरीत वरच्या जोडीचा दुसरा पडदा आणि खालच्या जोडीचा पहिला दाबा, मधली मोकळी ठेवा: ध-सा-म. तिसरीत वरून खाली चौथा, दुसरा, तिसरा पडदा: नि-रे-प. एवढ्यावर सोनमधली कितीतरी गाणी निघतात.

मी सहा महिने हे मेट्रोनोमवर घोटलं. हात स्वच्छ झाला. मग शेजारच्या तबलावादकांना ऐकवलं. ते म्हणाले, "कर्नल साहब, हाथ साफ़ है, लेकिन आप परेड कर रहे हैं."

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. तीस वर्षं पावलागणिक ठोका मोजलेला माणूस मी. माझा प्रत्येक महत्त्वाचा स्वर नेमका ठोक्यावर पडत होता. त्रेसचा वादक आर्पेजिओचे स्वर एका छोट्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात गुंफतो. त्याला 'ग्वाहेओ' म्हणतात. त्यातले जोरदार स्वर बहुधा दोन ठोक्यांच्या मधे पडतात, आणि त्यावरच नाचणाऱ्याचे पाय हलतात. ठोक्यावर वाजवलं की सूर बरोबर, पण सोन गायब.

उपाय आपल्याच तीनतालात सापडला. सोळा मात्रा मोजा. पाय १, ५, ९ आणि १३ वर आपटा. टाळी १, ४, ७, ११ आणि १३ वर द्या. हीच क्यूबाची 'क्लावे'. पाहा, पाच टाळ्यांपैकी फक्त पहिली आणि तेरावी पायाबरोबर येते. उरलेल्या तीन अधांतरी.

रियाझाचा क्रम असा ठेवा. आधी वाद्य बाजूला ठेवून पाय आणि टाळी. ते न अडखळता जमलं की टाळीच्या जागी एकच मोकळी तार. मग पाच आघातांवर प, सा, ग, सा, प. शेवटी जागा बदला, पण पाय थांबू देऊ नका. बोट चुकलं तर चुकू द्या, पाय चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. लय वाढवायची घाई नको. पडद्यांकडे सारखं बघू नका. आर्सेनियो रोद्रिगेस (१९११–१९७०) हे त्रेसचं फार मोठं नाव. त्यांची दृष्टी लहानपणीच गेली होती.

मला पाय आणि टाळीलाच तीन आठवडे लागले. परवा त्या शेजाऱ्यांनी तबला पुढे ओढला आणि आम्ही पहिल्यांदा एकत्र वाजवलं. जेमतेम दहा आवर्तनं टिकलो, अकराव्याला परत परेड सुरू! पण त्या दहांत शिस्त पायात होती आणि हात मोकळा होता.

पुढच्या भागात पहिला ग्वाहेओ बसवू. तोवर टाळी पक्की करा. नमस्कार.