खिडक्या बदलताना : अंदाज, दरपत्रक आणि तुलना

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाचा माणूस अॅल्युमिनियमच्या खिडक्यांवर काय बोलणार? पण न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. घरखर्चाच्या निर्णयात या चारांचीही गरज पडते. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात एवढी रक्कम एकदाच बाहेर पडते, चुकली तर भरून काढायला पुढची पगारवाढ नसते.

आधी प्रत्यक्ष. खिडकी खरंच बदलायची आहे का, हे आपण स्वतः पाहावं. झडप अडकते ती बहुधा खालची चाकं झिजल्यामुळे. पाणी आत येतं ते कधी ट्रॅकमधली निचऱ्याची भोकं बुजल्यामुळे, तर कधी चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीमुळे. चाकं, रबर, सिलिकॉन बदलून काम भागत असेल तर नवी खिडकी कशाला? मात्र लाकडी चौकट कुजली असेल किंवा लोखंड गंजून फुगलं असेल, तर डागडुजीत पैसे घालू नयेत.

मग अनुमान, म्हणजे बजेट. खोलीवार कागद करायचा : रुंदी, उंची, चौरस फूट. माप वर, मध्ये आणि खाली असं तीनदा घ्यायचं, कारण जुन्या भिंती सरळ असतातच असं नाही. एकूण रकमेवर दहाएक टक्के वेगळे ठेवायचे. जुनी चौकट काढली की आतलं प्लास्टर सुटतं, कडप्पा तडकतो, हे आधी दिसत नाही.

तिसरं शब्द, म्हणजे दरपत्रक. शब्द प्रमाण कधी? सांगणारा जाणकार आणि विश्वासू असेल तेव्हा. कोटेशन देणारा तसा आहे की नाही हे ठरवायचं, तर त्याचं आधीचं काम पाहावं, तेही एक-दोन पावसाळे काढलेलं. आणि शब्द कागदावर हवा. ‘चांगलं सेक्शन वापरू’ याला अर्थ नाही. सेक्शनची जाडी, दोन ट्रॅक की तीन, काच किती मिलिमीटर, साधी की टफन्ड, पावडर कोटिंग की अॅनोडायझिंग, यूपीव्हीसी असेल तर आत पोलादी पट्टी आहे का, हे सगळं लिहून घ्यावं. टफन्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून तिच्या मापाची जबाबदारी कोणाची, हेही लिहून घ्यावं.

आता उपमान, तुलना. निदान तीन कोटेशनं घ्यावीत, पण तिघांनाही एकच कागद द्यावा. नाहीतर आपण आंबा आणि फणस एका तराजूत घालतो. समजा, सहा खिडक्या, प्रत्येकी १८ चौरस फूट, एकूण १०८. पहिला ६५० रुपये दर सांगतो, म्हणजे ७०,२००. दुसरा ८५० सांगतो, म्हणजे ९१,८००. पहिला स्वस्त? थांबा. दुसऱ्याच्या दरात सगळं धरलेलं आहे. पहिल्याच्या कागदावर डासांची जाळी, जुनं काढणं, राडारोडा, प्लास्टर नाही. त्याचे १५,००० धरू. वर १८ टक्के जीएसटी. बेरीज होते १,००,५३६. आकडे उदाहरणाचे आहेत, पण गोष्ट नेहमीची आहे. मापही विचारून घ्यावं. ४ फूट ३ इंचांची चौरस खिडकी साडेचारची धरली, तर १८ ऐवजी सव्वावीस फुटांचे पैसे जातात.

वरच्या मजल्यावर परांची लागणार का, सोसायटीची परवानगी हवी का, बाहेरचा रंग-रूप बदलला तर चालेल का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारावं. काम पावसाळ्याआधी उरकावं. पैसे हप्त्यांनी द्यावेत : थोडे आधी, थोडे माल आल्यावर, आणि शेवटचा हप्ता बाहेरून पाण्याचा मारा करून आत थेंब आला नाही हे पाहिल्यावर.

एक मात्र खरं, की घासाघीस किती ताणायची यालाही मर्यादा आहे. कारागिराचा वाजवी नफाही कापला, तर तो सेक्शनच्या जाडीत वसूल होतो. आपल्याला हवा तो सर्वांत कमी आकडा नव्हे, ज्यातली प्रत्येक ओळ आपल्याला समजते तो आकडा. आणि ‘आजच सही करा, उद्या दर वाढेल’ असं कोणी म्हणालं, तर सरळ सांगावं : कागद ठेवून जा, आम्ही घरात बोलून कळवतो.

आता तुमचे प्रश्न घेऊ.