काळवंडलेली डबी भंगारात देण्याआधी

दादी किंवा नानीच्या इंतकालनंतर संदूक उघडली जाते. दागिन्यांचा हिशेब काटेकोर होतो. तळाशी पडलेले पानदान किंवा तपकिरीची डबी मात्र कोणी विचारात घेत नाही. रंग उडालेला, वजनाला जड. 'शिसे असेल' म्हणून ती भंगारवाल्याकडे जाते. खरे तर मय्यतने मागे ठेवलेली लहानमोठी प्रत्येक वस्तू तरक्यात येते. शिवाय ती डबी बिदरी कामाची असू शकते.

मराठवाड्यातील घरांत अशी वस्तू सापडणे नवलाचे नाही. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. बहमनी सुलतानांच्या या राजधानीत रुजलेली ही कला पुढे निजामाच्या काळातही बहरली. हुक्क्याचे बूड, सुराही, पानदान आणि नाना आकारांच्या डब्या बिदरमध्ये घडल्या.

बिदरी वस्तू भरीव चांदीची नसते. जस्तात थोडे तांबे मिसळून ती ओततात आणि कानशीने गुळगुळीत करतात. मोरचुदाचे पाणी लावून पृष्ठभाग तात्पुरता काळा केला की त्यावर छिन्नीने नक्षी कोरतात. कोरलेल्या खाचांत चांदी ठोकून बसवतात. शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या मिश्रणाने वस्तू घासतात. जस्त कायमचे काळेभोर होते, चांदी मात्र पांढरीशुभ्र राहते. ही माती कारागीर जिभेवर ठेवून पारखतात.

नक्षीच्या पद्धती नावांवरून ओळखता येतात. चांदीची बारीक तार बसवली तर तारकशी. पत्र्याचे तुकडे खोलगट जागेत बसवून पृष्ठभागाशी सपाट केले तर तेहनिशान. नक्षी बोटाला उंच लागली तर जरबुलंद. आफताबीत सगळे उलटे असते: चांदीचा पत्रा कापून झाकतात आणि मधून दिसणाऱ्या काळ्या जमिनीची फुले होतात. जुन्या कामात खसखशीच्या फुलांची झाडे खूप दिसतात. लखनौलाही बिदरी काम होई. तिथल्या वस्तूंवर अवधच्या राजचिन्हातील मासे आढळतात.

डबीला लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर ती बिदरी नव्हे. चिकटले नाही आणि राखाडी पृष्ठभागावर चांदीच्या रेषा किंवा रिकाम्या खाचा दिसल्या, तर जाणकाराला दाखवा. चिंच, लिंबू, राख किंवा भांड्यांची पावडर मात्र लावू नका. त्याने काळा रंग निघून जातो आणि चांदीची नक्षी उठून दिसत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसून खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला तरी पुरे.

बिदरीला 2006 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तर 2023 मध्ये बिदरचे उस्ताद शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली. हुन्नर जिवंत आहे; जुने नमुने मात्र भट्टीत वितळले की परत येत नाहीत.

घरात बुजुर्ग असतील तर आजच विचारा: हे पानदान कोणाचे, कोणाच्या जहेजमध्ये आले? ऐकलेले चिठ्ठीवर लिहून त्या डबीतच ठेवा. उद्या वाटणीला बसणाऱ्या मुलांना आपल्यासमोर काय आहे, हे निदान कळेल.